सावेताताईच्या दारातली हडकुळी घोडी

मार्च महिना होता. बर्फ वितळून आमच्या रस्त्याचा नुसता राडा झाला होता, आणि त्या राड्यातून शेजारचा गाव्रिलदादा रदाउत्स शहरातल्या जनावरांच्या बाजारातून पायी घरी येत होता. गेला तेव्हा अंगात मेंढीच्या कातड्याचा चांगला कोट होता. आला तेव्हा नुसता सदरा, आणि हातात एक दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडी होती. घोडी म्हणायची ती चार पाय आणि शेपूट होतं म्हणून. बाकी नुसता सांगाडा, त्यावर केसाळ कातडं टाकल्यासारखा.

मी तेव्हा सावेताताईच्या फाटकापाशीच उभी होते. ताईने नवऱ्याला पाहिलं, घोडीला पाहिलं, आणि विचारलं, “कोट कुठंय तुझा?”

“कुठला कोट?”

“बरं. मग हे काय आणलंस?”

“अगं, आपली रोइबा. सापडली शेवटी.”

रोइबा त्यांची जुनी गाडीची घोडी. ती मरून किती वर्षं झाली देव जाणे. शिवाय रोइबा तांबडी होती आणि ही कोळशासारखी काळी, जेमतेम दोन वर्षांची. ताई माझ्याकडे बघायला लागली आणि मी तिच्याकडे. गाव्रिलदादा मात्र घोडीला घेऊन सरळ गोठ्यात गेला आणि तिला म्हणाला, “चल बाई, दमली असशील.”

गेल्या हिवाळ्यापासून त्याचं असं सुरू झालं होतं. कुऱ्हाड चुलीत सापडायची, चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात. मुलगी झेनोव्हिया इटलीत, तिकडे एका म्हाताऱ्याची देखभाल करते. त्या म्हाताऱ्यालाही काही आठवत नाही. फोनवर ती आईला सांगायची, “बाबांशी वाद घालू नकोस गं, मी इथे तेच करते.”

सावेताताईला घोड्यांची भीती वाटायची. लहानपणी एकीने लाथ मारली होती, तेव्हापासून ती गोठ्यात घोड्याच्या बाजूला कधी गेली नाही. तिचं सगळं आयुष्य लाकूडतोड्यांच्या खाणावळीत गेलं. डोंगरावरून थकून आलेल्या माणसांपुढे ती भरभरून वाढायची. तिच्या हिशेबाने जगातल्या निम्म्या दुखण्यांना एकच औषध होतं, पोटभर जेवण. तेव्हा दुसऱ्या दिवशी भीती गिळून तिने एक मोठं पातेलं मका उकडला, त्यात ओट्स ओतले आणि घोडीपुढे ठेवला. घोडीने तो असा फस्त केला की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग सल्ले सुरू झाले. माझा नवरा तोआदेर म्हणाला, “बटाटे उकडून घाल, ताई. अंगावर मांस चढतं.” चर्चच्या घंटेवाल्याचं म्हणणं पडलं, रोज थोडी बिअर पाजा. म्हातारी अस्पाझिया काठी टेकत आली, घोडीला एकदा वरून खालून न्याहाळलं आणि म्हणाली, “हिला नजर लागलीय. कपाळावर लाल गोंडा बांध, आणि जो कोणी बघायला येईल त्याला थुंकायला सांग.” ताईने गोंडाही बांधला. पण दोन-तीन आठवडे झाले तरी काही कळेना. पोट तेवढं पिंपासारखं फुगलं, बरगड्या मात्र तशाच. एका बाजूने बघितलं तर घोडी लठ्ठ, वरून बघितलं तर उपाशी.

“वजन वाढतंय की घटतंय, मला समजतच नाही,” ताई मला म्हणाली. “खाते तर बैलासारखी. जातं कुठे ते?”

शेवटी तिने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ओतिलिया नाव त्यांचं, शेजारच्या गावात जनावरांचा दवाखाना आहे. आवाज मोठा आणि हात मऊ. त्यांनी घोडीच्या बरगड्यांवर, मणक्यावर, पुठ्ठ्यांवर तळवा फिरवला, जबडा उघडून दात चाचपले, लीद तपासायला घेतली.

“पोटाकडे बघू नका,” त्या म्हणाल्या. “पोट खोटं बोलतं. जंत झालेत तिला, म्हणून ते फुगलंय. हाताला काय लागतं ते बघायचं. आणि हा दुधाचा दात सुटायला आलाय आणि अडकून बसलाय, चावताना टोचत असणार. तो मी काढते. जंताचं औषध बेताबेताने देऊ, एकदम दिलं तर मरणारे जंतच त्रास देतील.”

“आणि मका?”

“बंद. ताई, उपाशी जिवाला एकदम दाणा घातला तर जीव जातो. घोड्याचं पोट लहान असतं. त्याला ताट वाढायचं नसतं, दिवसभर चरायला द्यायचं असतं. चांगलं वाळलेलं गवत, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मिठाचा दगड ठेवा, पाणी फार गार नको. दाणा पुढे बघू, अगदी मूठभर, तोही ओट्स.”

“अहो, पण ती माझ्याकडे बघून मागते!”

“मागू दे. लाकूडतोड्या आहे का ती?”

जाताना बाईंनी एक दोरी घोडीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती गुंडाळली आणि मापाच्या जागी गाठ मारून ताईच्या हातात दिली. गाठीपर्यंतची दोरी कमी पडायला लागली की समजायचं, घोडी भरतेय.

सगळं समजलं असं वाटलं. सांभाळून सांभाळून ओट्सची मूठही सुरू झाली. मग तो रविवार आला. चर्चमधून आम्ही दोघी बरोबरच परतलो, आणि बघतो तर घोडी गोठ्यात आडवी. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, मागचा पाय झाडत होती, अंग घामाने चिंब. ताई धावत बाहेर आली. “गाव्रिल! काय घातलंस तिला?”

“काही नाही. सकाळपासून कुणी काही दिलं नाही बिचारीला, म्हणून आत्ताच थोडे ओट्स दिले.”

ओट्सचं पोतं निम्मं रिकामं होतं. तो आत्ताच थोडे देत होता, आणि विसरत होता, आणि पुन्हा आत्ताच थोडे देत होता.

डॉक्टरीणबाई येईपर्यंत तोआदेरने घोडीला उठवून अंगणात फिरवलं. बाईंनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोट मोकळं केलं. संध्याकाळपर्यंत तिचा धोका टळला. गाव्रिलदादा सगळा वेळ कुंपणाला धरून उभा होता. “कुणी केलं हे?” विचारत होता. “कोण हरामखोर आहे तो?” सावेताताईने मला बाजूला ओढलं. ती मला हळूच म्हणाली, “मी त्याच्यावर ओरडू की त्याला जवळ घेऊ, सांग ना. मला खरंच कळत नाही.”

ओट्सच्या खोलीला कुलूप लागलं. त्यावरून घरात रोज भांडण. “माझ्याच घरात मला कुलूप? मी चोर आहे का?” झेनोव्हिया फोनवर म्हणाली, “आई, विकून टाक ती घोडी.” विकायचं तर कशी? कुणाची आहे तेच ठाऊक नव्हतं. दादाला विचारलं तर कधी मामाने दिली म्हणे, कधी रस्त्यात भेटली म्हणे. त्याच सुमारास तोआदेर बाजारातून हसत हसत आला. “ताई, कोट सापडला! घोड्यांचा एक दलाल तो घालून हिंडतोय. त्याला विचारलं तर म्हणाला, म्हातारा घोडीपाशी उभा राहून रडत होता, स्वतःच कोट काढून माझ्या अंगावर घातला आणि घोडी घेऊन गेला.”

ताईने विचारलं, “रडत होता?” विकण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.

तिने आता गवतही लपवायचं ठरवलं होतं. पण त्याच आठवड्यात आम्ही दोघी अंगणात गेल्या वर्षीच्या वाळलेल्या बीन्सच्या शेंगा सोलत बसलो होतो, तेव्हा तिचं लक्ष गेलं. दादा माळ्याखालून गवताची एक कवळ घेऊन गोठ्यात गेला. थोड्या वेळाने बाहेर आला, आकाशाकडे बघितलं, पुटपुटला, “कुणी काही दिलं नाही बिचारीला,” आणि पुन्हा एक कवळ घेऊन आत गेला. मग पुन्हा. सावेताताईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“अगं,” ती म्हणाली, “थोडं थोडं. पुन्हा पुन्हा.”

तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि चाचरत विचारलं, हे चालेल का. बाईंचं हसू मला शेजारी बसूनही ऐकू आलं. “चालेल? असा माणूस मला प्रत्येक तबेल्यात हवा! दाणा तेवढा तुमच्या हातात ठेवा.”

मग कुलपाच्या आतलं काम ताईचं आणि बाहेरचं दादाचं. मूठभर ओट्स द्यायला तिला रोज घोडीच्या तोंडाजवळ जावं लागे. आधी ती ताटली लांबून सरकवायची, मग हळूहळू हातावर देऊ लागली. मे महिन्यात हिरवं गवत वर आलं, तेव्हा घोडीला आधी थोडाच वेळ चरायला सोडलं, मग वाढवत वाढवत दिवसभर. जुने निस्तेज केस गळून पडले. तरी तोआदेर कुंपणावरून चिडवायचा, “ताई, ही घोडी आहे की कपडे वाळत घालायचा दांडा?” ताई आत जाऊन दोरी गुंडाळून बघायची. गाठ कधी सरकल्यासारखी वाटे, कधी नाही. “दोरी आखडली असेल का पावसाने?” ती मला विचारायची.

गवत कापणी झाली, आलुबुखार पिकले, आणि एक दिवस कुणाच्या नकळत घोडी भरलेली दिसली. काळं अंग चकाकत होतं. बरगड्या दिसत नव्हत्या, पण तळवा दाबला की लागत होत्या. बाईंना हवं होतं अगदी तसं. सगळं गाव बघायला आलं आणि अस्पाझियाच्या सांगण्यावरून प्रत्येकजण थुंकून गेला.

गाव्रिलदादा मात्र त्या सकाळी गोठ्याच्या दारातच थबकला. “ही कुणाची?”

“आपलीच,” ताई म्हणाली.

“छे. आपली हडकुळी होती. कुठे गेली ती? कुणी नेली?” आणि तो टोपी घालून रस्त्याला लागला. ताई त्याच्या मागे. पुलापर्यंत दोघं गेले. वाटेत तिने समजावलं, रागावली, शेवटी नुसती बरोबरीने चालत राहिली. पुलावर तो थांबला आणि विचारलं, “तिने खाल्लं असेल का काही?”

“हो रे. पोटभर खाल्लंय तिने.”

“बघितलंस तू?”

“माझ्या डोळ्यांनी.”

तेव्हा तो मागे फिरला. घरी येऊन नव्या घोडीपुढे गवताची कवळ टाकली. “पाहुणी असली म्हणून काय झालं,” म्हणाला, “दारातल्या जनावराला उपाशी ठेवायचं नसतं.”

आता हिवाळा आलाय, आणि परवा डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. घोडीच्या मानेवर हात ठेवून म्हणाल्या, “ताई, आता पुरे हं. आणखी चढलं तर खूर सुजून पाय धरतील. गवत कमी करा.” ताईने डोक्याला हात लावला. कमी करा म्हणजे कसं? गाव्रिलला काय सांगायचं? विचार करकरून तिने अखेर ओट्सचा कोरडा पेंढा गवतात निम्मंनिम्मं मिसळला, म्हणजे कवळ तेवढीच दिसते, अंगाला मात्र कमी लागते. रोज सकाळी दादा उठायच्या आधी ती ते मिसळून ठेवते. घोडी तिच्या खांद्यावर नाक ठेवून उभी असते आणि ताई तिला म्हणते, “बाजूला हो गं, मला काम करू दे.”

“बरोबर करतेय ना मी?” काल तिने मला विचारलं. मी म्हटलं, घोडीच्या बाबतीत तर बरोबरच आहे, ताई.