पन्नास घेऊन शंभराने भागणारा

आयलर्टचं नाव काढलं की मला अजूनही ओकारी येते. दिसायला माणूस झकास. पांढरा कोट कडक इस्त्रीचा, नखं स्वच्छ, रविवारी प्रार्थनाघरात पहिल्या बाकावर. आतून मात्र नासका.

आमच्या फ्योर्डवरच्या, म्हणजे समुद्राच्या चिंचोळ्या खाडीवरच्या, कारखान्यात सुकवलेला कॉड मासा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून लूटेफिस्क करतात. तो मग कित्येक दिवस पाणी बदलत धुवायचा, आणि शेवटच्या धुवणात कॉस्टिक किती उरलंय ते आम्ही दोघांनी प्रयोगशाळेत तपासायचं. धुवणाचे शंभर मिलिलिटर घ्यायचे, कॉस्टिक असलं की गुलाबी होणाऱ्या द्रावाचे दोन थेंब त्यात टाकायचे आणि तो गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब थेंब आम्ल सोडायचं. जेवढं आम्ल लागलं त्याला आम्लाच्या तीव्रतेने गुणायचं, घेतलेल्या धुवणाच्या मापाने भागायचं. शाळेतली पोरंही करतात.

नोव्हेंबरात शंभर मिलिलिटरचं पिपेट, म्हणजे मापाची काचनळी, फुटलं. आयलर्टने पन्नासचं वापरलं आणि सवयीने भागलं शंभराने. अशी चूक माझ्याही हातून झाली असती.

"अरे, पन्नास घेतलेस ना? मग कॉस्टिक दुप्पट आहे. मर्यादेच्या वर जातंय," मी म्हटलं.

त्याने कागदाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर उभ्या मालट्रककडे.

"गुनव्होर, नाताळ तोंडावर आलाय. आता पुन्हा धूत बसायचं?"

"बसायचं!"

"तू म्हणजे फारच सोवळी बाई. थोड्या कॉस्टिकने कोण मरतंय?" असं म्हणून त्याने सही ठोकली.

मी व्यवस्थापकाकडे गेले. तो म्हणाला, "आयलर्टची सही आहे ना? मग डोकं नको खाऊस." चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि वर मीच भांडखोर! पुढे शंभरचं नवं पिपेट आलं. आयलर्टने ते खोक्यातून काढलंच नाही. रोज पन्नास घ्यायचा, शंभराने भागायचा आणि शीळ वाजवायचा. त्याच्या शेजारी बसून डबा खायची मला किळस येऊ लागली.

प्रार्थनाघराच्या वार्षिक जेवणाला कारखान्याने मासा फुकट दिला. त्याच मालातला. मी थेट स्वयंपाकघरात शिरले आणि ओड्नीला, आमच्या मुख्य आचारिणीला, सांगितलं, "हा वाढू नकोस. कॉस्टिक राहिलंय त्यात."

"काहीतरीच! आयलर्टने स्वतः तपासलाय. तुझं आणि त्याचं बिनसलं असेल तर ते बाहेर भांडा बाई."

मी बाहेर आले तर पानं वाढलेली. आयलर्ट आपल्या बापाला, तोर्लेफकाकांना, वाढत होता. काकांच्या पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांच्या ताटलीत माशाचा भला मोठा थरथरता तुकडा. आयलर्टच्या ताटलीत बटाटे, मटार आणि तळलेलं बेकन. मासा नाही. वर्षभर या जेवणाची वाट पाहणारा माणूस!

"तू नाही घेतलास?" मी विचारलं.

"पोट जरा बिघडलंय."

माझं डोकंच फिरलं. काकांचा काटा तोंडाशी जायच्या आत मी त्यांची ताटली ओढली आणि आयलर्टपुढे आदळली. "आकडा बरोबर आहे ना तुझा? मग एक घास खा. सगळ्यांदेखत."

ओड्नी हातात पातेलं घेऊन दारातच थांबली.

"हिला वेड लागलंय, बाबा," आयलर्ट हसत म्हणाला. मग त्याने ती ताटली उचलली आणि पुन्हा बापापुढे ठेवली. "खा तुम्ही. गार होतोय."

तोर्लेफकाकांनी माशाकडे पाहिलं. मग मुलाच्या ताटलीकडे पाहिलं, बराच वेळ. हळूच काटा खाली ठेवून ते माझ्याकडे वळले.

"पोरी, मला घरी सोडशील?"