चिंचेचा नवा ठोकळा

गेल्या वर्षी साओकेवच्या घरभरणीला माजी सरपंचाच्या दाताखाली लाकडाचा कण आला, आणि तेव्हापासून नान इनपनची झोप उडाली.

इनपन हा गावचा लाप करणारा. तरुणपणी काही वर्षं विहारात भिक्षू होता म्हणून नावाआधी 'नान' लागलं, पण खरा मान मिळाला तो त्याच्या दोन सुऱ्यांना. लग्न असो, घरभरणी असो, रेड्याचं कच्चं मांस ठोकळ्यावर घ्यायचं आणि तास दीड तास दोन्ही हातांनी कापत कापत लोण्यासारखं करून त्याचा लाप करायचा, हे काम तीस वर्षं त्याचं. यंत्रातून काढलेला खिमा उत्तर थायलंडमधल्या आमच्या या फ्रेच्या डोंगराळ भागात मानाच्या पंगतीत कुणी खात नाही. आणि लाप कच्चाच खायचा, त्यामुळे त्यात कण असला तर तो लपतही नाही. सरपंचाने तो कण बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवला. या माणसाला तेवढंच जमतं.

"ठोकळा गेलाय," इनपन म्हणाला होता. ते खोटं नव्हतं. विहाराच्या कोठीतला सामायिक ठोकळा मध्ये परातीसारखा खोल झाला होता. पण मागून कुणीतरी बोललंच, "ठोकळा गेला की हात गेला?" लोक हसले. इनपनही हसला आणि उजवा हात मांडीखाली घेऊन बसला. सकाळी उठल्यावर त्या हाताची दोन बोटं बराच वेळ झोपलेलीच राहायची. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

यंदा विहाराच्या नव्या सभामंडपाचा उत्सव ठरला. सात गावांना आमंत्रण. मंडळाने नवा ठोकळा घ्यायचं ठरवलं आणि वर म्हणाले, "नान, निवडायचा तूच. म्हणजे नंतर कुणाला बोलायला नको."

इनपन अडकला. जुना ठोकळा होता तोवर बोट दाखवायला जागा होती. आता स्वतः पारखून आणलेल्या ठोकळ्यावर कण निघाला, तर दोष द्यायला त्याचा हात सोडून दुसरं काही उरत नव्हतं.

"मग जरा कच्चाच आण की, म्हाताऱ्या," त्याच्या बायकोने, सेंगलाने, भाताची टोपली झाकत म्हटलं. "पुढच्या वेळीही ठोकळ्यालाच शिव्या देता येतील."

"तोंड सांभाळ!" तो ओरडला. एवढं ओरडायचं कारण एकच, हाच विचार रात्रभर त्याच्याही डोक्यात होता.

बाजारात बुआचुम वीस वर्षं ठोकळे विकते. पुढच्या रांगेत रेन ट्रीच्या लाकडाचे, दिसायला देखणे, शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी. चिंचेचे मागे, सावलीत, ओल्या पोत्याखाली. इनपनने पोतं उचललं आणि पहिल्यांदा नजर गेली ती एका कडेच्या ठोकळ्यावर. चिंचेचाच, पण कोवळ्या झाडाचा. पांढरा भाग जास्त, मधला काळा गाभा जेमतेम. नखाने दाबलं तर नख उमटलं. हा चार महिन्यांत पिठासारखा सुटणार, हे कुणीही सांगितलं असतं. इनपन तो हातात घेऊन उभा राहिला, जरा जास्तच वेळ.

"तो नको, दादा," बुआचुम म्हणाली. "तो पालेभाजीवाल्यांसाठी ठेवलाय. लापला नेलात तर माझं नाव जाईल."

"मला कळतं."

"कळतं म्हणूनच विचारते, हातात का धरलाय?"

त्याने तो खाली ठेवला. मग मात्र गडी मन लावून बसला. एकेक ठोकळा उचलून वजन पाहिलं, बोटाच्या पेराने वाजवला, भेगेसाठी मध्यभाग उन्हात धरला. शेवटी एक सापडला. काळा गाभा जवळजवळ सालीपर्यंत, रेषा इतक्या दाट की मोजता येऊ नयेत. बुआचुमचीच सुरी घेऊन त्यावर शंभरेक घाव घातले आणि पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसलं. फडकं स्वच्छ निघालं. असा ठोकळा आयुष्यात एखाददुसराच हाती लागतो. एरवी इनपन नाचलाच असता, पण आज त्याने नुसते पैसे मोजून दिले.

"उत्सवाला मीही येतेय, माझी बहीण तिथलीच," बुआचुम म्हणाली. "कण निघाला तर ठोकळा तिथंच माझ्या पुढ्यात आणून टाका. सगळ्यांसमोर."

सात दिवस ठोकळा मिठाच्या पाण्यात बुडवला, मग तेल पाजलं. उत्सवाच्या सकाळी विहाराच्या अंगणात पाच जण ओळीने बसले, बाकीचे आपापल्या घरचे ठोकळे घेऊन आणि मधोमध नव्या ठोकळ्यासमोर इनपन. पलीकडे बायका लसूण सोलत होत्या, त्यांच्यात बुआचुम.

पहिला अर्धा तास छान गेला. सुऱ्या तालात पडत होत्या, मांसावर थोडं थोडं रक्त शिंपडलं जात होतं. मग उजव्या हाताची बोटं हळूहळू बधिर व्हायला लागली. त्याने मूठ आणखी आवळली. चिमूटभर मांस जिभेवर घेऊन पाहिलं. कण होता. त्याने गिळून टाकला. दुसरी चिमूट घेतली. दुसरा कण.

पातं सरळ पडलं तर चिंच घाव मिटवून घेते. तिरपं पडलं तर चांगल्यात चांगला ठोकळाही तासला जातो. इनपनने सुरीने मांस बाजूला सारलं. उजव्या अंगाला बारीक तिरपे ओरखडे होते, डावीकडे एकही नाही.

शेजारी कापत बसलेल्या साओकेवने ते पाहिलं. साओकेव मनाचा वाईट नाही. उलट फार सांभाळून घेणारा. तो मोठ्याने म्हणाला, "नानकाका, ठोकळ्यानेच दगा दिला वाटतं. हल्ली बाजारात काय वाटेल ते विकतात."

चारपाच जण लगेच वाकून बघायला लागले. "कण आहे? परत?" माजी सरपंच तर पानाचा तोबरा थुंकून आला. तिकडे बुआचुमचे हात लसणावर थांबले. ती इनपनकडे बघत राहिली. त्याने फक्त गप्प बसायचं होतं. तेवढ्यानं बाई बाजारातून उठली असती आणि हा तीस वर्षांच्या जागेवर कायम राहिला असता.

"साओकेव, इथं बस," इनपन म्हणाला.

"कुठं?"

"माझ्या जागेवर. हे मांस कुत्र्यांना घाल. ठोकळा धू, नवं मांस घे आणि काप."

साओकेव कापत राहिला आणि सगळं अंगण बघत राहिलं. बऱ्याच वेळाने इनपनने पांढऱ्या बशीत पाणी मागवलं आणि साओकेवने कापलेलं चिमूटभर मांस त्यात सोडलं. बोटाने ढवळलं, पुन्हा ढवळलं. बशीत मांस होतं, लाकूड नव्हतं.

"ठोकळा चांगला आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हात माझा गेलाय. वर्ष झालं."

कुणी हसलं नाही. बुआचुमने मान खाली घातली आणि लसूण सोलायला लागली, पण एक पाकळी तिच्या हातून दोनदा निसटली. इनपनला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उठून घरी जावं असं वाटत होतं, तरी तो साओकेवच्या मागेच बसून राहिला आणि मधूनच पुटपुटत राहिला, "मनगट सैल सोड. घाई करू नको. पंगत पळून जात नाही."

मग तिरफळ घातलेला मसाला मिसळला, पुदिना आला, पंगत बसली. माजी सरपंचाने चिकट भाताचा गोळा लापमध्ये बुडवला, खाल्ला, पुन्हा बुडवला. मघाशी काय झालं ते तो विसरला होता की मुद्दाम बोलला, देव जाणे. पण सात गावांच्या पाहुण्यांसमोर हाक मारून म्हणाला, "वा, नान! अजून तुझ्यासारखा लाप कुणाला जमत नाही!"

पाहुण्यांनी माना वळवल्या. बरेच जण कौतुकाने हसत होते.

"माझा नाही तो," इनपन म्हणाला. "साओकेवचा आहे."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. तो सेंगलाशेजारी जाऊन बसला. तिने त्याच्या पुढ्यातली वाटी उचलून डाव्या बाजूला ठेवली. कोणता हात, हे त्याने अंगणात सांगितलंच नव्हतं; म्हणजे तिला आधीपासूनच ठाऊक होतं तर. उजवा हात मांडीवर उघडाच राहिला, आणि इनपन डाव्या हाताने जेवला.