मार्सेलीनच्या आईचा उंबरा

आमच्या खेड्यांत आतून ‘या’ ऐकल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. युद्धात जर्मनांनी जाळलेलं आमचं जुनं गाव स्मारक म्हणून तसंच राखलंय. माझी म्हातारी शेजारीण मार्सेलीन दर जूनमध्ये तिथल्या आपल्या बिनछपराच्या घरापर्यंत जाई आणि दारातूनच परते. तिची आई त्याच आगीत गेली. “आत बोलवायला आहे कोण?” ती म्हणे.

काल फिरत्या मोटारघरातून आलेली एक परकी पोरगी आमच्यादेखत त्या घरात शिरली.

“अगं ए, पाय पूस! आईनं आत्ताच फरशी पुसलीय!” मार्सेलीन ओरडली.

पोरगी बाहेर आली, गवतावर बूट पुसून पुन्हा आत गेली. मग म्हणाली, “या ना आजी, उन्हात का उभ्या?”

मार्सेलीनने सावकाश बूट पुसले. चुलीपाशी गवत डुलत होतं.

“आले गं,” ती म्हणाली.