शून्याचं पाणी

आमच्या प्रयोगशाळेच्या मालकांना सरळ रेघेचं भारी वेड. पाण्यातलं नायट्रेट मोजायचं तर आधी शुद्ध पाण्यात ठरावीक प्रमाणाची द्रावणं करायची, त्यांचा पिवळा रंग यंत्राला दाखवायचा आणि आलेल्या आकड्यांची रेघ काढायची. नुसतं शुद्ध पाणी म्हणजे शून्य. मग गावोगावचं पाणी त्या रेघेवर जोखायचं. रेघ सरळ आली की मालक म्हणत, "बघा मॅडम, ह्याला म्हणत्यात काम!"

रेघ सरळच होती, खोट शून्यात होती. मी रजेवर असताना शुद्ध पाण्याचं यंत्र क्षार साचून बंद पडलं, तर या शहाण्यांनी सगळी द्रावणं आमच्याच बोअरच्या पाण्यात करवून घेतली. शून्यही त्याचंच. त्या बोअरमध्येच नायट्रेट. ते सगळीकडे सारखं मिसळलं म्हणून रेघ वाकली नाही. प्रत्येक गावाच्या आकड्यातून मात्र तेवढं वजा झालं. चिकोडीकडच्या एका गावची बोअर अशीच 'पिण्यास योग्य' ठरली. माझ्या आक्काचं सासर तेच.

मी जवळच्या कॉलेजातून शुद्ध पाणी आणून सगळं नव्यानं केलं. आक्काच्या गावचा आकडा मर्यादेच्या बराच वर गेला. मालकांना दाखवला तर म्हणाले, "गेलेला रिपोर्ट परत मागवायचा न्हाय. आपलीच अब्रू जाती." आणि चहा ढवळत बसले. त्या चमच्याच्या आवाजाचा मला अजून संताप येतो.

रविवारी मी आक्काकडं गेले. तिचं तान्हं डब्याच्या दुधावर. अशा बाळाला नायट्रेट बाधतं, अंग निळं पडतं. ह्या पाण्यात दूध कालवू नको, असं मी दारातच सांगितलं. तिनं हसत गूळ-पाणी पुढं केलं.

"अगं, तुमच्याच लॅबचा कागद पंचायतीत लावलाय की. वर मी दोनदा उकळून घेती."

उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, ते मागं उरतं. हे सांगताच तिचा चेहरा पडला. सासूबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या.

"शिक्क्याचा कागद खोटा, आन् तू तेवढी खरी व्हय गं?"

"खोटाच हाय, आक्का," मी आक्काकडं बघून म्हटलं.

"मग तिथं नोकरी कशाला करतीस?" सासूबाईंनीच विचारलं.

मी चुलीवर उकळत असलेलं पाण्याचं पातेलं उचलून मोरीत ओतलं. वळून बघते तर सासूबाईंनी दुसरं पातेलं बोअरच्या पाण्यानं भरून चुलीवर ठेवलं होतं.