नव्याण्णव घरांचा पन्हा

माझ्या पीएचडीचा विषय ऐकला की आमच्या गल्लीतल्या बायका मान डोलवायच्या आणि लग्नाचं विचारायच्या. तसा तो समजायला अवघड नाही. ग्राफाइटच्या स्फटिकाचा पृष्ठभाग म्हणजे षटकोनी खळग्यांची जाळी. क्रिप्टॉन वायूचे अणू त्या खळग्यांत येऊन बसतात. अणू अंगानं मोठा, म्हणून एकानं जागा धरली की लगतचे खळगे रिकामे राहतात. ऊब असते तोवर सगळे इकडेतिकडे हिंडतात. ठरावीक तापमानाखाली मात्र शिस्तीत बसतात, रांगेत एक खळगा भरलेला, दोन रिकामे. हे बसणं मला संगणकावर घडवून आणायचं होतं.

आणि ते घडत नव्हतं. जाळी कितीही थंड केली तरी नक्षीत कुठेतरी वाकडी फट राहायचीच. चार महिने मी प्रोग्रामची ओळन् ओळ तपासली. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर विषय बदल. मी चरफडत त्या नक्षीच्या चित्राची प्रिंट घरी आणली आणि ताटाशेजारी ठेवून जेवायला बसले.

अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगोल्याकडून सोलापुरात आले आणि तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणत राहिले. शाळा चौथीपर्यंत. त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला.

"एक बुट्टी, दोन घरं मोकळी. डिझाईन तिनाची हाय. पन्हा किती घरांचा धरलाय?"

"रुंदीला शंभर खळगे."

"मंग एक उरतंय की."

मला हसू आलं. मी समजावून सांगितलं, "अप्पा, याला कडाच नाहीत. आम्ही उजवी कड डावीला जोडतो, म्हणजे कुठलाच अणू कडेला उघडा पडत नाही."

"म्हंजी लुंगी शिवल्यागत?"

"हो, तसंच."

"मंग तर लईच अवघड. टावेलाच्या काठाला उरलेलं खपतं. शिवनीवर डिझाईन मिळाया नगं व्हय? ही फट तुज्या अणूंची न्हाय, पन्ह्याची हाय."

मला राग आला. विद्यापीठात पहिली आलेली मी, आणि मला अणू कोण शिकवतंय, तर टॉवेलवाले अप्पा! दोन दिवस मी हट्टानं काही बदललं नाही. तिसऱ्या दिवशी, कोणी बघत नाही असं पाहून, शंभर खोडून नव्याण्णव लिहिलं. दुपारपर्यंत अख्खी जाळी सलग बसली होती. फट कुठेच नव्हती.

सर खुर्चीतून उठून माझ्या पडद्यापाशी आले. "काय बदललंस?"

"जाळीचा आकार. तिनानं भाग जायला हवा, हे माझ्या लक्षात आलं."

बोलून गेले, आणि ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही. विषय वाचला, शोधनिबंध छापून आला. अप्पा तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत राहिले. मला मात्र दोन वर्षं ते वाक्य खुपत होतं.

शेवटच्या तोंडी परीक्षेला अप्पा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "नव्याण्णवच का?"

"आधी शंभर घेतलं होतं सर, ते चुकलं. चूक मला सापडली नाही. मागे बसलेत त्या माझ्या वडिलांना सापडली. ते माग चालवायचे."

सगळे वळून बघायला लागले, माझे सरसुद्धा. अप्पा गडबडून उभेच राहिले. मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा नावामागे डॉक्टर लागल्याचाही वाटला नाही.

परतताना रिक्षात अप्पा चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत होते. मला वाटलं, त्यांना भरून आलंय.

"एक इचारू?" ते म्हणाले. "एकशेदोन का न्हाय घेतलं? तिनानं भाग तर त्येलाबी जातो. पन्हा कशापायी कमी करायचा?"