जेवायचा पाट

जालन्यात तेव्हा कराटे नवंच आलं होतं. पट्ट्याच्या परीक्षेत फोडायची फळी ज्यानं त्यानं घरून आणायची होती. आम्ही फळांच्या खोक्यांच्या पातळ फळ्या आणल्या. राजूरहून येणाऱ्या एका थोराड गड्यानं मात्र जेवायला बसायचा पाट आणला. पोरं हसली. तो मान खाली घालून पाटावरून तळवा फिरवत राहिला. पाळी आल्यावर त्यानं हात उगारला, मग तोच हात हळूच पाटाला लावून कपाळाला लावला.

"सर, घरात दुसरी फळी न्हाई. पर ह्याच्यावर बसून माय जेवती. हात धजंना."

पाट काखेत मारून तो खालमानेनं निघून गेला.

पुढची पाळी माझी. फळी पहिल्याच फटक्यात मोडली. टाळ्या पडल्या, पण मला मान वर करवेना. माझ्या फळीवर बसून कुणी कधी जेवलं नव्हतं.