आटलेल्या तळ्यातलं गोल्फ

आमच्या क्लबचं मैदान टाळेबंदीनंतर उघडलं, पण माझ्यासाठी नाही. मोबाईलवर दोन नियम आले. एका वेळी एकाच घरातल्या माणसांनी खेळायचं, आणि ज्येष्ठ नागरिकांनी सध्या घरीच थांबायचं. माझ्या घरात मी एकटी, म्हणजे पहिल्या नियमाने माझे जोडीदार गेले आणि दुसऱ्या नियमाने मीही गेले. मी सेक्रेटरीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्याच काळजीपोटी केलंय."

"माझी काळजी करायला मी आहे. तुम्ही गवत कापा," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी नलूचा फोन आला. नलू म्हणजे नलिनी, गोल्फमधली माझी कायमची जोडीदार. तिचे यजमान मनोहरराव कोरोनाच्या त्या लाटेत इथेच नागपूरच्या दवाखान्यात वारले. ते कधी खेळले नाहीत. पहिल्या टीजवळ, जिथून खेळ सुरू होतो तिथल्या कडुलिंबाखालच्या बाकावर पेपर वाचत बसायचे आणि नलूचा पहिला फटका बघितला की डोकं परत पेपरात घालायचे. ते गेल्यावर नलू सासरच्या गावी गेली, अर्जुनी मोरगावच्या पुढे. फोनवर म्हणाली, "माझी बॅग लॉकरमधून काढ आणि कुणाला तरी देऊन टाक. मी आता काही खेळत नाही."

होलपासून वीतभरावरचा चेंडूसुद्धा जिने समोरच्याला मारायला लावल्याशिवाय कधी सोडला नाही, ती सबंध बॅग सोडत होती. मी ठरवलं, द्यायचीच तर बॅग मालकिणीच्या हातात द्यायची. आणि ती खरंच सोडते का ते डोळ्यांनी बघायचं.

तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला पास लागायचा. कारणांच्या यादीत मृत्यू होता, आजार होता, लग्नसुद्धा होतं. मैत्रीण नव्हती. मी खरं तेच भरलं, 'मैत्रिणीचे यजमान वारले, भेटायचे आहे.' नामंजूर. चौकशी केली तर पलीकडचा माणूस कंटाळून म्हणाला, "बहीण लिहा ना, मॅडम." कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला खोटं न बोलायचं शिकवलं, हे खरं. पण ज्यांनी शिकवलं त्या सगळ्यांना आम्ही सिस्टरच म्हणायचो आणि रक्ताच्या नात्याचा पुरावा कुणी मागितला नव्हता. मी बहीण लिहिलं. पास आला.

पहाटे निघाले. भंडारा, लाखनी, साकोली, रस्ता चारपदरी आणि त्या दिवसांत इतका रिकामा की गाडी चालवताना गाणं म्हणावंसं वाटावं. ढाबे बंद, एखाद्या ठिकाणी खिडकीतून पार्सल. जाणार असाल तर डबा आणि पाणी घरूनच घ्या. हा सल्ला आजही खोटा ठरणार नाही. सौंदडजवळ गोंदिया जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसांनी थांबवलं. तापमान कपाळावर मोजलं आणि मग मागच्या सीटकडे बोट.

"ये डंडे कायके, मॅडम? हॉकी?"

"गोल्फ."

"अर्जुनी में गोल्फ?" त्याने सहकाऱ्याला हाक मारली. "अरे, इकडे ये. मॅडम गोल्फ खेळाले चालल्या."

सहकारी आला, त्याने एक काठी हातात घ्यायला मागितली, मग नियम आठवून हात मागे घेतला. दोघांनी काचेतून बॅगेचं दर्शन घेतलं आणि सोडलं.

कोहमाऱ्याला महामार्ग सोडून उजवीकडे वळलं की वेगळाच प्रदेश. दोन्ही बाजूंना जंगल, मध्येच उन्हाळी धान कापून मोकळ्या पडलेल्या बांध्या, आणि दर थोड्या वेळाने एक तळं. नवेगावबांधपर्यंत रस्ता उत्तम, पुढे मात्र खड्ड्यांशी बोलत जावं लागतं. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला. बांबूपलीकडे नऊवारी नेसलेल्या, तोंडाला पदर गुंडाळलेल्या एक बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. या सगुणाबाई, नलूच्या मोठ्या जाऊ. घराचा आणि अर्ध्या गावाचा कारभार यांच्याकडे.

"एवढ्या दुरून काठ्या घेऊन काऊन आल्या, जी?"

"नलूच्या आहेत. द्यायला आले."

"तिले तं नाही पायजे म्हन्ते."

"तिला सांगू दे मला."

"सांगन. पन आधी हप्ताभर खळ्यातल्या खोलीत राहा लागन. मंत्री आला तरी तिथंच ठेवतो आमी."

मंत्र्याला ठेवणार असतील तर माझी काय तक्रार! खोली कौलारू, थंड, दारासमोर आंब्याचं झाड. जेवणाचं ताट रोज दोनदा कुंपणाच्या भिंतीवर यायचं. भात, वरण, वाळवलेल्या झिंग्यांची वांग्यातली भाजी, आंब्याचं रायतं. झिंगे म्हणजे तळ्यातल्या बारीक कोळंब्या. एकदा खाल्ल्या की शहरातली कोळंबी फुगवलेली वाटते. नलू पहिल्या संध्याकाळी भिंतीपलीकडे आली, बरीच लांब उभी राहिली. वाळली होती. मी बॅग दाखवली.

"परत ने," म्हणाली आणि वळली.

खोलीच्या मागे तळ्याची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, आणि पाळीपलीकडे तळं. याच घराण्याच्या कुण्या खापरपणजोबाने बांधलेलं. मेअखेरीला पाणी मधोमध डबक्याएवढं उरतं आणि बाकी तळ्याचं पोट उघडं पडतं. मी पाळीवर उभी राहून पाहिलं आणि माझे हात शिवशिवले. पाण्याच्या कडेने आखूड हिरवं गवत, गुरांनी कापून ठेवल्यासारखं सारखं. त्याच्या बाहेर भेगाळलेली काळी माती. एकटीने तिथे फिरायला सगुणाबाईंची हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सुरुवात केली. तुपाचे रिकामे डबे मागवून जमिनीत पुरले, ते झाले होल. पोपट हाकलायचे बांबू झाले झेंडे. असे सहा होल. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: भेगाळ मातीवर चेंडू फरशीवर पडल्यासारखा उडतो आणि कुठेही जातो. हिरव्या पट्ट्यात मात्र जिथे पडला तिथे चिकटतो. पांढरे चेंडू नेऊ नका, लांबून बगळा आणि चेंडू सारखेच दिसतात. भेगेत हात घालू नका, आधी काठी घाला; मी काठी घातली आणि विंचू बाहेर आला. शेण हे गोल्फच्या नियमाप्रमाणे सुटा अडथळा आहे, दंड न लागता बाजूला करता येतं. म्हशीबद्दल नियमात काही नाही. नऊच्या आत सावलीत परत या, त्यानंतरचं ऊन माणसाला माफ करत नाही.

मी रोज खेळत राहिले. रोज नलू पाळीच्या उंचीवरच्या तिच्या परसातून, भिंतीवर कोपर टेकून बघायची आणि मी वर पाहिलं की आत जायची. हप्ता संपत आला तेव्हा मी एक गोष्ट मुद्दाम केली. चेंडू भेगेच्या तोंडाशी अडकला होता. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पायाने हळूच चेंडू वीतभर सरकवला.

"हलवलास!" भिंतीवरून आवाज आला. "दंड लाव! इंदू, मी पाहिलंय!"

"सरकला आपोआप."

"बुटाने सरकवलास! लाज नाही वाटत या वयात?"

"मग ये आणि बरोबर खेळून दाखव."

ती आत गेली. पण त्या संध्याकाळी ताट आणायला सगुणाबाईंबरोबर तीही आली. हप्ता पुरा झाला होता आणि मला ना खोकला ना ताप. मी म्हटलं, "आमच्या क्लबात नियम आहे, एकाच घरातल्यांनी एकत्र खेळायचं. आम्ही दोघी काही एका घरातल्या नाही."

सगुणाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी पेरणीच्या वेळी रजा मागितली. "घर कशाले म्हन्ते तुमच्या इकडे? चूल एक तं घर एक. हप्ताभर आमच्याच चुलीवरचं खाऊन राहिल्या ना तुमी? मंग आमच्याच झाल्या."

सरकारी व्याख्या मी अनेक वाचल्या. इतकी स्वच्छ एकही नव्हती.

सकाळी मी पाळ उतरले तेव्हा नलू खाली उभी होती. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. बॅगेतून तिने मोजून दोन काठ्या काढल्या. "सहाच होल. मग बॅग घेऊन जा तू."

पहिलाच फटका तिने पाळीच्या दिशेला भरकटवला. मला वाटलं, गंज चढलाय. तेवढ्यात पाळीवर एक कुटुंब येऊन बसलं, म्हातारा, दोन बायका, एक माणूस. तोंडं बांधलेली. थोड्या अंतरावर दुसरं कुटुंब. मग तिसरं. घराघरामध्ये चांगलं बैलगाडीएवढं अंतर. कुणी बोलेना, कुणी हसेना. नुसते बघत बसले. नलूचा दुसरा चेंडूही पाळीकडेच. ती चेंडूपाशी जाऊन उभी राहायची, खाली वाकायची, पुन्हा उभी राहायची. एरवी नलू म्हणजे भराभर खेळणारी. माझ्या मागे लागायची की आटप. आज चेंडूसमोर तप करत होती.

"किती वेळ लावतेस?"

"बघू दे नीट."

थोड्या वेळाने पहिलं कुटुंब उठलं आणि चालू लागलं. नमस्कार नाही, हात हलवणं नाही, शब्द नाही. त्यांच्या जागी दुसरं घर येऊन बसलं, शेताला तळ्याचं पाणी द्यायला घराघराची पाळी लागते तसं. मला राग आला. दोन म्हाताऱ्या बायका म्हणजे काय सर्कस? आणि त्यातली एक पांढऱ्या साडीतली! मी काठी खांद्यावर टाकून पाळ चढायला लागले. वर सगुणाबाई बसल्या होत्या.

"यांना सांगा, तमाशा नाही इथे."

"तमाशा पाहाले नाही आले, जी," त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "बसाले आले."

मी थांबले.

"मनोहर तिकडंच गेला. गावात आनला नाही, आनू देल्ला नाही. तेरवीले आमी घरचे चारच. गावातल्या एका मानसाले तिच्याजवळ बसू देल्लं नाही कोनी. घरात यायची बंदी. मंग मी निरोप देल्ला, नलू तळ्यात उतरनार हाय. तळ्यावर बसाले कोनाची बंदी?"

"आणि न बोलता उठून जातात ते?"

"दुखवट्यातून उठताना 'येतो' म्हनत नाही, बाई. कॉन्व्हेंटात नाही शिकवत काय?"

नाही शिकवत. तिथे सांत्वनाचं कार्ड लिहायला शिकवतात.

मी खाली उतरले. नलूने आता चौथ्या होलचा चेंडू पाळीच्या पार टोकाशी मारला होता, जिथे झेंडा नव्हताच. तिथे एक वाकलेली आजी एकटी बसली होती. नलू चेंडूपाशी गेली, आजीसमोर दहा पावलांवर उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आजीने पदर डोळ्यांना लावला, नलूने पदर डोळ्यांना लावला. मग आजी हात टेकत उठली आणि गेली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिलं घर बसलं तेव्हाच कळलं. चेंडू त्या बाजूला का जात होता, तुला काय वाटलं?"

"गंज."

"गंज तुला चढलाय. डबा सोडून विंचवाच्या घरात मारतेस."

किती तरी दिवसांनी तिने मला टोमणा मारला होता. मी मुकाट्याने ऐकून घेतला, जे माझ्या स्वभावात नाही. उन्हं वर आली, शेवटचं घर उठलं, पाळ रिकामी झाली. सहावा होल तिने सरळ खेळला. एकच लांब घरंगळता फटका, भेगा चुकवत, डब्यात. पत्र्याचा आवाज झाला. खेळ संपला की हात मिळवायचा असतो. त्या दिवसांत त्यालाही बंदी. आम्ही काठ्यांची टोकं एकमेकींना टेकवली.

निघायच्या दिवशी मी बॅग गाडीत ठेवायला गेले तर ती जागेवर नव्हती. नलूच्या पडवीत उभी होती. दुखवट्याचं घर, म्हणून सगुणाबाईंचा धडा आठवून न बोलताच गाडीत बसले. नलू काचेपाशी आली.

"'येते' म्हण."

"म्हणायचं नसतं ना?"

"ते बसायला आले होते. तू खेळायला आलीस. 'येते' म्हण."

"येते," मी म्हटलं आणि कोहमाऱ्यापर्यंत गाणं म्हटलं नाही.

घरी आले. पेट्रोल आणि टोल सोडता खर्च काही नाही. बुटांच्या शिवणीत शिरलेली काळी माती मात्र धुवूनही गेली नाही. तुम्ही जाणार असाल तर तळी बघायला जा, झिंगे खा, आणि पाळीवर कुणी गप्प बसलेलं दिसलं तर लगेच चिडू नका. माझ्यासारख्यांना हे लिहून ठेवावं लागतं.

पुढे पावसाळ्यात नलूचा फोन आला. "तिसऱ्या होलवर बदकं बसलीत. पाचवा सगळा पाण्याखाली."

"मग?"

"मग काय, पाणी उतरेपर्यंत तुझ्याकडे येते."

ती बॅग आणि तांदळाचं पोतं घेऊन आली. तोवर क्लबने ज्येष्ठांवरची मेहरबानी मागे घेतली होती, एका घराचा नियम मात्र कायम होता. गेटवरच्या कारकुनाने आमच्याकडे पाहिलं. "दोघी एकाच घरातल्या? आडनावं वेगळी आहेत, मॅडम."

"चूल एक आहे," नलू म्हणाली. "बघायची असेल तर जेवायला ये."

पहिल्या टीवर ती उभी राहिली. चेंडू ठेवला, काठी उचलली आणि तशीच थांबली. कडुलिंबाखालचा बाक रिकामा होता. ती त्या बाजूला बघत राहिली. आमच्या मागे एक बाप आणि दोन तरुण मुलगे ताटकळत होते. बापाने घड्याळ पाहिलं, मग घसा खाकरला.

मी मागे वळले आणि म्हटलं, "बसा थोडं."